कावळा शिवेपर्यंत

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पंचगंगेतून काढलेली प्रेतं पाहिली. निवृत्त झाल्यावर त्यातलं बरंचसं पुसट झालं. पण कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका बोळात उन्हात उभी असलेली ती पांढरी गाडी मला अजून जशीच्या तशी दिसते. नाव कुणाचंच घेणार नाही. ती माणसं अजून आहेत आणि त्यांनी पुरेसं भोगलंय.

ऐन वैशाख होता. दुपारी सरकारी दवाखान्यातल्या पोलीस चौकीतून आमच्या ठाण्यात वर्दी आली. मुलगी, वय तीनच्या आत, दाखल करण्यापूर्वीच मयत. नातेवाइकांचं म्हणणं, आईच्या मांडीवर असताना आकडी आली. ठाणे अंमलदाराने अकस्मात मृत्यूची नोंद घेतली आणि मी दवाखान्यात गेलो.

गडहिंग्लजकडचं कुटुंब होतं. शेती, दोन म्हशी, नवरा एका पतसंस्थेत नोकरीला. बायकोचे मामा शिवाजी पेठेत राहायचे. ते वारले होते आणि त्या दिवशी त्यांचं रक्षाविसर्जन होतं. त्यासाठी ही मंडळी सकाळी स्वतःच्या गाडीने आली होती. वॉर्डाबाहेर वीसेक माणसं उभी होती. नवरा भिंतीला टेकून बसला होता आणि त्याचा धाकटा भाऊ त्याच्याजवळ उभा होता. आई एका बाकावर आडवी पडली होती, तिला दोन बायांनी धरलं होतं.

त्यातले एक वजनदार पाहुणे पुढे आले. म्हणाले, "साहेब, आधीच सुतकातलं घर हाय. त्यात हे. चिरफाड करू नका लेकराची. आमची कुणाविरुद्ध तक्रार न्हाय."

मी म्हटलं, "तक्रार नसली तरी शवविच्छेदन होणार. कायदा आहे."

"लहान लेकराला कसला आलाय कायदा?"

मला राग आला. लहान लेकराला स्वतःची तक्रार देता येत नाही, म्हणूनच तर त्याच्यासाठी कायदा लागतो. पण मयताच्या दारात पोलिसाने आवाज चढवायचा नसतो. मी पंचांना बोलावलं आणि मरणोत्तर पंचनामा सुरू केला. मुलीच्या अंगावर मार नव्हता. कातडी मात्र लालबुंद होती, आणि इतका वेळ होऊनही अंग गरम लागत होतं. पंचनामा लिहिताना आमच्या हवालदाराचा हात थांबला. त्याच्या घरीही त्याच वयाची नात होती.

चौकशीला लागलो तर प्रत्येकाच्या तोंडात एकच वाक्य. आईच्या मांडीवर होती, आकडी आली. खरं सांगणारी दहा माणसं दहा तऱ्हेने सांगतात, एकाला आधीचं आठवतं, दुसऱ्याला नंतरचं. इथे सगळ्यांचं तंतोतंत जुळत होतं, आणि मला तेच खटकत होतं.

संध्याकाळी ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज होता, पेठेतलाच.

"साहेब, त्या पोरीला आईच्या मांडीवर आकडी आली, असं लिवलंय न्हवं तुम्ही?"

"तसं सांगितलंय लोकांनी. तुम्ही कोण?"

"नाव कशाला पायजे? त्या पोरीची आई सकाळधरनं माझ्या शेजारी बसलीती. मामीला धरून. मांडी मोकळी व्हती तिची. पोरगी गाडीत व्हती, साहेब. आता सगळं त्या बाईच्या अंगावर ढकलायला लागल्यात, म्हणून सांगितलं."

फोन बंद झाला. मी लगेच जीप काढून पेठेत गेलो. गाडी अजून बोळातच होती. सकाळी लावली तेव्हा तिथे समोरच्या इमारतीची सावली असणार. आता ती सावली सरकून पलीकडच्या भिंतीवर गेली होती, आणि गाडीवर अजून उतरतं ऊन होतं. एक काच दोन बोटं खाली होती. पुढच्या सीटवर दुपटं अंथरलेलं होतं, आणि खाली बायकोची पर्स पडली होती. पर्समध्ये मोबाईल होता. आम्ही पंचांसमक्ष तो ताब्यात घेतला.

दुसऱ्या दिवशी शवविच्छेदनाचा प्राथमिक अहवाल आला. उष्म्याने मृत्यू. मी दोघा भावांना ठाण्यात बोलावलं.

मी काही विचारायच्या आत धाकटाच बोलला. "साहेब, चूक माझी हाय. गाडी मी चालवत होतो. आण्णानं पोरगी माझ्यावर सोपवली होती. झोपली होती म्हणून गाडीतच ठेवली, लॉक केलं, आणि सगळ्यांच्या मागनं स्मशानात गेलो. विसरलो. जे काय करायचं ते मला करा."

थोरला खाली मान घालून बसला होता.

धाकट्याबद्दल मी आदल्या दिवशीच माहिती काढली होती. पोरगा सैन्यभरतीत निवडल्यात जमा होता. मैदानी झाली, लेखी झाली, फक्त वैद्यकीय राहिली होती. त्यानंतर चारित्र्य पडताळणी आमच्याच खात्याकडून जाते. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा नावावर लागला असता, तर त्याची भरती तिथेच संपली असती. हे त्याला माहीत होतं. तरी तो छाती काढून बसला होता. घरात रात्री काय ठरलं असेल ते मला दिसत होतं. भाऊ तुरुंगात गेला तर नोकरी जाईल, संसार जाईल. तू सडाफटिंग आहेस, तू घे अंगावर.

मी त्याला दटावलं नाही. चहा मागवला. आमच्याकडे रक्षाविसर्जनाहून आलेल्या माणसाला कुणीही जे विचारतं, तेच विचारलं.

"कावळा शिवला का रे लगेच?"

"व्हय साहेब," तो म्हणाला. "ठेवल्या ठेवल्या शिवला."

थोरल्याने मान वर केली. भावाकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"त्यो न्हवता तिथं, साहेब," तो म्हणाला. "त्यो एसटीनं मागनं आला, दवाखान्यातच आला. कावळा शिवतच न्हवता."

धाकटा उठायला लागला, "आण्णा, गप बस." मी त्याला खाली बसवलं.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. रक्षा सावडून झाली की नैवेद्य मांडतात आणि सगळे लांब जाऊन बसतात. कावळा शिवल्याशिवाय कुणी उठत नाही. शिवला नाही तर मयताचं मन कशात तरी अडकलंय असं समजतात, मग एकेक जण पुढे होऊन हात जोडतो आणि शब्द देतो. त्या दिवशी तिथे बसलेल्या एकाही माणसाला ती वाट पाहणं विसरता आलं नसतं.

थोरला बोलत गेला. सकाळी गाडी दारात आली तेव्हा मुलगी झोपली होती. बायकोची मावशी दारातच म्हणाली, "लेकराला आत आणू नगं, सुतकाचं घर हाय." जीव लावूनच म्हणाली. बायको त्याला गाडीजवळ थांबायला सांगून आत गेली. तो एसी लावून बसला. मग माणसं स्मशानाकडे निघाली आणि कुणीतरी काचेवर टकटक केली. "जावईबापू, चला की. तुम्ही न्हाय आला तर कसं?" जावई माणूस, नाही म्हणवेना. तासाभराचं तर काम, बायको चार पावलांवर आत आहे. त्याने इंजिन बंद केलं, काच थोडी खाली घेतली, पोरीला कुणी उचलून नेऊ नये म्हणून लॉक लावलं, आणि दारातल्या एका म्हाताऱ्याला सांगितलं की आत निरोप द्या. निरोप आत गेलाच नाही. बायको मामीला धरून बसली होती. तिला वाटत होतं, नवरा बाहेर गाडीत आहे. स्मशानातून परतल्यावर त्यानेच गाडी उघडली आणि पोरीला रिक्षाने दवाखान्यात नेलं.

"मग स्मशानात तुम्हाला पोरीची आठवण आली नाही?" मी विचारलं.

"आली की. फोन केला बायकोला. परत परत केला. तिनं उचलला न्हाय. मला वाटलं, बायकांत रडारड चाललीय."

मी त्याला पर्सबद्दल सांगितलं नव्हतं. बायकोचा फोन गाडीतच होता. त्यात त्याचे चुकलेले कॉल एकाखाली एक होते. तो फोन लावत होता तेव्हा फोन वाजत होता तो पोरीच्या शेजारी. हे मला त्याला सांगावं लागलं, कारण उद्या ते आरोपपत्रात येणार होतं. नोकरीत इतकं जड काम मी दुसरं केलं नाही.

मग तो म्हणाला, "उठावं असं सारखं वाटत होतं. पण जावई उठला म्हणून कावळा शिवला न्हाय, असं म्हटलं असतं लोकांनी. शेवटी मला पुढं केलं. मी हात जोडले. म्हटलं, मामा, तुमच्या लेकरांस्नी अंतर देणार न्हाय. तुमच्या लेकरांवर लक्ष ठेवीन. आन् तवा शिवला."

हवालदार खोलीबाहेर निघून गेला. मीही खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. त्या माणसाची चीड येत होती आणि कीवही येत होती.

पण पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही. आम्ही स्मशानातल्या माणसांचे जबाब घेतले, म्हाताऱ्याचा घेतला, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण घेतलं. फोन करणारी बाईही शेवटी स्वतःहून पुढे आली. धाकट्याचा खोटा जबाब अजून कागदावर यायचा होता, तो आलाच नाही. हा सगळा प्रकार मी वरिष्ठांच्या कानावर घातला, आणि त्यांनी त्याला आरोपी न करता साक्षीदार करायला संमती दिली. पुढे तो सैन्यात गेला.

थोरल्यावर तेव्हाच्या दंड संहितेतलं निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम लागलं, आणि बाल न्याय कायद्यातलं मुलाकडे दुर्लक्ष केल्याचंही. पाहुणे मंडळी माझ्यावर तुटून पडली. पोटच्या पोरीला बापानं मारलं का, असं विचारू लागली. मी म्हटलं, मारलं असतं तर कलम वेगळं असतं. लोकांना वाटतं, पोर आपलं आहे म्हणजे त्याचा जीवही आपल्या मालकीचा. शेजाऱ्याच्या पोराला गाडीत कोंडून कुणी गेलं असतं, तर याच लोकांनी त्याला ठाण्यापर्यंत जिवंत येऊ दिलं नसतं.

खटल्यात वकिलाने त्याला गुन्हा नाकबूल करायला सांगितलं होतं. त्याने उभं राहून कबूल केला. बाल न्यायाच्या कलमाला दुर्लक्ष जाणूनबुजून केलेलं लागतं, ते इथे दिसत नाही म्हणून न्यायाधीशांनी ते वगळलं. निष्काळजीपणाबद्दल दंड केला, आणि न्यायालय उठेपर्यंत कैद. म्हणजे दिवसाचं कामकाज संपून न्यायाधीश उठेपर्यंत आरोपीने तिथेच बसून राहायचं.

तपासी अधिकारी म्हणून मीही तिथे होतो. दिवसभर दुसऱ्यांचे खटले चालले, वकील आले, गेले, पुकारे झाले. हा माणूस गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. पाणीसुद्धा प्यायला नाही. मागच्या बाकावर त्याची बायको होती. घटनेपासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती, हे मला धाकट्याने सांगितलं होतं.

संध्याकाळी न्यायाधीश उठले. सगळे उभे राहिले. हा बसूनच होता. शिपायाने दोनदा सांगितलं, झालं आता, जा घरी. त्याला कळलं नाही की ऐकू आलं नाही, कोण जाणे. मग ती बाई मागून आली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"उठा," ती म्हणाली. "कोण काय म्हणणार न्हाय. उठा."

त्यावर तो रडला. मी टोपी काढून बाहेर व्हरांड्यात गेलो.

बापाचं काळीज निष्काळजी नसतानाही पोर मरू शकतं, हे मी त्या केसमधून शिकलो. त्याला आठवण होती. फक्त चार माणसांत उठायचं धाडस नव्हतं, आणि कायद्याने त्याला शिक्षा केली ती त्याबद्दल. मला ती शिक्षा जास्तही वाटली नाही आणि कमीही.

अलीकडे आमच्या नात्यातल्या एका रक्षाविसर्जनाला गेलो होतो. नैवेद्य मांडला होता, कावळा फिरकत नव्हता. शेजारी एक तरुण पाहुणा सारखा मागे वळून पाहत होता. मी विचारलं, "पावणं, काय झालं?" तो संकोचत म्हणाला, "काय न्हाय. पोरगं गाडीत झोपलंय. मेहुणीला लक्ष ठेव म्हटलंय, पण..."

मी त्याचा दंड धरून त्याला उभं केलं. सगळे वळून बघायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "आवं, कावळा शिवायचाय अजून."

"शिवंल त्याचा तो," मी म्हटलं, आणि त्या पाहुण्याबरोबर गाडीपर्यंत चालत गेलो.