मुलाखतीपुरती आई

सुगंधाचं इंग्रजी अडायचं ते शब्दाच्या शेपटाशी. हॅपी आणि हॅपिनेस, ऑनेस्ट आणि ऑनेस्टी, दोन्ही पाठ. पण कुठे कुठलं लावायचं ते तोंड उघडलं की विसरायची. मराठीत प्रामाणिक आणि प्रामाणिकपणा यांत तिचा घोळ जन्मात झाला नसता.

पण लेकीला, छकुलीला, बोरिवलीच्या इंग्रजी शाळेत घालायचं तर आईबापांची मुलाखत, तीही इंग्रजीत. नवरा काशीराम टायपिस्ट, त्याचं निभणार होतं. सुगंधाची तयारी तिची धाकटी बहीण जयंती करून घ्यायची, भाजी निवडता निवडता.

"ताई, पोरगी कशी आहे ते सांग गं. गुणाचं नाव नको."

"माय डॉटर इज ऑनेस्टी."

"वाट लागली," काशीराम पेपरामागून म्हणाला.

आदल्या संध्याकाळी तो जयंतीला म्हणाला, "तूच चल ना आई म्हणून. तिथे कोण ओळखतंय?"

सुगंधाला संताप यायला हवा होता. तिला आधी हायसं वाटलं, आणि मग त्याचीच लाज वाटली.

जयंतीचं लग्न व्हायचं होतं. म्हणून सकाळी सुगंधाने आपलं मंगळसूत्र काढून तिच्या गळ्यात घातलं. नवरा धडधाकट समोर उभा, आणि ही बाई ओक्या गळ्यावर पदर लपेटून निघाली! छकुलीला पढवलं होतं, आज जयंती मम्मी आणि मम्मी मावशी. पोरीला खेळ फार आवडला.

सुगंधा शाळेच्या फाटकापाशीच थांबली. शिपायाने विचारलं, "मुलीच्या कोण तुम्ही?"

"मावशी." कसं घडाघडा आलं. एवढं इंग्रजी आलं असतं तर!

थोड्या वेळाने दोघं बाहेर आली. "झकास! ॲडमिशन पक्की," काशीराम म्हणाला. जयंती मात्र हळूच म्हणाली, "ताई, दर महिन्याला आईने बाईंना भेटायला यायचंय. वर्षभर."

काशीरामने मान खाली घातली.

तेवढ्यात मागून छकुली धावत आली. "मावशी, मला घेतलं शाळेत!"

सुगंधाने तिला कडेवर घ्यायला पसरलेले हात आवरले. खेळ संपला गं, असं सांगायचं होतं तिला. पण शिपाई बघत होता.

"शाब्बास," ती म्हणाली, आणि मावशीने धरावं तसं तिचं बोट धरून चालू लागली.