जिजीच्या दारावरची काच

पाहुणा येणार म्हटलं की चाळीतल्या जिजीच्या अंगात यायचं. कोण येतोय, कशाला येतोय, ते मागाहून. आधी अख्खी चाळ धुऊन निघाली पाहिजे!

मुलुंडच्या आमच्या चाळीत सगळे काचेच्या कारखान्यातले कामगार, बहुतेक मालवणकडचे. प्रत्येक दारावर एक छोटी खिडकी होती आणि तिच्यात कारखान्यातून आणलेली बाद काच. कुठे निळी, कुठे हिरवी, कुठे वाकडीतिकडी. जी ज्याच्या हातून बिघडली ती त्याच्या दारावर, अशी रीतच पडली होती. दुपारी ऊन आलं की व्हरांडाभर रंग सांडायचे.

जिजीची काच मधाच्या रंगाची होती, आत बोराएवढा बुडबुडा. तिचे यजमान भट्टीवर फुंकणीने काच फुगवायचे. ते गेले, बुडबुडा राहिला. जिजी रोज सकाळी स्टुलावर चढून पदराने ती काच पुसायची. "ह्यांचो श्वास आसा तेच्यात," म्हणायची. आम्ही पोरी हसायचो.

ऐंशीच्या दशकात कारखान्याला टाळं लागलं आणि मालक चाळ पाडायला निघाला. जिजीचा एकच हेका, "माका भायर काढतल्यात ती मेल्यावरच, आणि ह्याच दारातसून." पण हेक्यावर चाळ किती दिवस उभी राहणार? तेवढ्यात बातमी आली, जुन्या इमारतींचा अभ्यास करणारे एक प्राध्यापक चाळ बघायला येताहेत. जपण्यासारखी आहे असं त्यांनी वर कळवलं, तर पाडापाडी थांबेल.

झालं! जिजीने पदर खोचला. भिंतींना चुना, कठड्याला रंग. वर पुरुषांना फर्मान, "ते बाद तुकडे पयले काडा! पावण्यांका बिघडलेलो माल दाखवतल्यात? लाज नाय वाटत?" बघता बघता सगळ्या दारांवर नव्या पांढऱ्या काचा लागल्या. आम्हाला ते झकास वाटलं, खोटं कशाला बोलू? फक्त स्वतःच्या काचेची पाळी आली तेव्हा जिजी दारात आडवी उभी राहिली. "ही ऱ्हवांदे."

प्राध्यापक आले, कोकम सरबत प्यायले आणि नुसते इकडेतिकडे बघत राहिले. "त्या रंगीत काचा कुठे गेल्या हो? मी त्यांच्यासाठीच आलो होतो."

वाट लागली! जिजीचं तोंड एवढंसं झालं. ती त्यांना आपल्या दाराशी घेऊन गेली आणि बोट वर केलं. ते कितीतरी वेळ मान वर करून उभे होते.

"बाकीच्या फेकून दिल्यात?" त्यांनी भीतभीतच विचारलं.

"मी कशी फेकतलंय? लोकांचे हात लागलेत तेका. माझ्या खाटेखाली आसत."

त्याच संध्याकाळी चाळभर पुरुष पुन्हा स्टुलांवर चढले. कुठली काच कोणाची यावरून दोन घरांत भांडणंही झाली.

चाळ वाचली. पुढे काही वर्षांनी जिजी गेली, ती त्याच दारातून. मी ओक्साबोक्शी रडले.

परवा चाळीत गेले होते. फाटकावर 'औद्योगिक वारसा' अशी पाटी आहे आणि जिजीची खोली लोकांना बघायला ठेवलीय. खाट आहे, स्टूलही आहे. दारावरच्या काचेवर मात्र धुळीचा असा थर, की बुडबुडा दिसेना. खाली लिहिलेलं, 'हात लावू नये.' माझं डोकंच फिरलं. स्टूल ओढलं, वर चढले आणि पदराने काच पुसायला लागले.

पहारेकरी धावत आला. "ओ मॅडम, हात काय लावताय? वारसा आहे तो!"

"माहित्येय," म्हटलं. "जरा स्टूल धर रे."