मामाचं गाव कुठलं?

सात वर्षांची असताना मी चिंचेवरून पडले आणि माझं कोपर निखळलं. वडिलांनी मला बैलगाडीत घालून घोटावड्याला, हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेलं. वाटेत ते दहादा म्हणाले, "काय बी दुखत न्हाई." चेहरा मात्र त्यांचाच पांढराफटक पडला होता.

म्हाताऱ्याने कोपराला कोमट तेल चोळलं आणि मायेने विचारलं, "बाय, तुज्या मामाचं गाव कुटलं गं?" एवढ्या अगत्याने मला तोवर कुणी काही विचारलं नव्हतं. मी खुलून "पिरंगुट" म्हणाले, आणि शेवटच्या अक्षरावर त्याने हात खाडकन ओढला. माझ्या किंकाळीने गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. पोरीला काही कळलंसुद्धा नाही, असं वडील पुढे गावभर सांगत सुटले.

कळलं होतं. चांगलं कळलं होतं.

दहा वर्षांनी मला बघायला पाहुणे आले. चहा झाल्यावर मुलाच्या चुलत्यांनी मायेने विचारलं, "पोरी, तुज्या मामाचं गाव कुटलं?" मी झटकन कोपर घट्ट धरलं आणि मान खाली घातली.

पोरगी लाजली म्हणून पाहुणे खूश झाले. लग्न तिथेच ठरलं. या खेपेला आधी कुणी तेलसुद्धा चोळलं नव्हतं.