ताईला सापडलेला परवा

माझ्या थोरल्या बहिणीने मनमाडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवण्यात उभा जन्म घालवला. भावजी रेल्वेत होते. मनमाडचं एक जुनं वाचनालय बंद झालं तेव्हा त्यातली पुस्तकं किलोवर विकायला काढली होती. बाकीच्यांनी कादंबऱ्या उचलल्या, ताईने एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी उचलली. पाठ निघालेली, कडा कसरीने खाल्लेल्या. भाजी निवडून झाली की ती डिक्शनरी मांडीवर घ्यायची आणि आपण दिवाळी अंक वाचतो तशी वाचत बसायची.

त्यातही तिला नाद वेळेच्या जुन्या शब्दांचा. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला मुलींना असा एखादा शब्द सांगायची. 'सून' म्हटलं की मुली हसायच्या. ती त्यांना हसू द्यायची, मग सांगायची की या इंग्रजी 'सून'चा अर्थ मुळात 'ताबडतोब' असा होता. माणसं ताबडतोब म्हणत गेली आणि उशीर करत गेली, शेवटी शब्दच बिचारा 'थोड्या वेळाने'वर येऊन बसला. 'नून' म्हणे पूर्वी दुपारी तीनला व्हायची. त्या वेळेची प्रार्थना झाल्याशिवाय जेवण नाही, म्हणून भुकेल्या लोकांनी ती हळूहळू बारापर्यंत ओढून आणली. मी लहानपणापासून गणितात रमणारी, पुढे बँकेत लागले. पण ताई असं काही सांगू लागली की हातातलं काम राहून जायचं.

भावजी गेल्यावर ती नाशिकला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायला आली, माझ्या खालच्या मजल्यावर. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत एका सकाळी तिचा फोन आला आणि ती काय बोलतेय ते मला एक अक्षर कळेना. धावत खाली गेले. ती ओट्यापाशी उभी होती, उजवा हात लटकलेला. दवाखान्यात वेळेवर पोचलो. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती.

हात महिनाभरात बराचसा आला. बोलणं मात्र येईना. वस्तूंची नावं ती सांगायची: चमचा, खिडकी, चष्मा. क्रियापदं गळून जायची, आणि वेळ तर पार विस्कटली होती. कालला उद्या म्हणायची, उद्याला काल. बोलून झाल्यावर चूक तिच्या लक्षात यायची, हेच जास्त वाईट होतं. स्पीच थेरपीच्या मॅडम, तिच्या लेकीच्या वयाच्या, रोज विचारायच्या, "मॅडम, आज कोणता वार? काल कोणता होता?" ताई मान फिरवायची. पुढे पुढे तिने बोलणंच सोडलं. जिने आयुष्यभर शब्दांना जीव लावला ती बोटाने पाणी मागू लागली. ते बघवत नसे.

मग एका संध्याकाळी मी भाजी घेऊन आले तर ती दारातच उभी. चेहरा उजळलेला. "परवा," ती म्हणाली. "मुलगी... स्टेशन."

तिची लेक बंगळूरला असते. मी विचारलं, परवा ती स्टेशनवर गेली होती का? ताईने मान हलवली. मग येणार आहे का? तिने पुन्हा मान हलवली, पण आता होकार कुठला आणि नकार कुठला तेच समजेना. आपला परवा हा असा, मागेही जातो आणि पुढेही. बरोबर क्रियापद असलं तर निभतं, आणि तिच्याकडे नेमकं तेच नव्हतं. "फोन करून विचारू का तिला?" मी म्हणाले, तर तिने माझा हात घट्ट धरला. तिला स्वतःच सांगायचं होतं.

मी पिशवी खाली ठेवून थांबले. तिने डोळे मिटले. ओठ हलत होते.

"ओव्हरमॉरो," ती स्वच्छ म्हणाली.

मला वाटलं पुन्हा जीभ घसरली. तिने कपाटाकडे बोट केलं. मी डिक्शनरी काढली, पानं उलटली. शब्द होता. आता कुणी वापरत नाही अशी खूण, आणि पुढे अर्थ: उद्यानंतरचा दिवस. मी तो मोठ्याने वाचला आणि ताई इतकी हसली की तिला धरून खुर्चीत बसवावं लागलं.

दोन दिवसांनी आम्ही दोघी नाशिक रोड स्टेशनवर गेलो आणि लेक गाडीतून उतरली. तिने आईला फोनवर बजावलं होतं म्हणे, मावशीला तूच सांगायचं, मी नाही सांगणार.

थेरपीच्या मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, जो शब्द हाताला लागेल तो धरा, इंग्रजी तर इंग्रजी. ताईने मग गेलेल्या परवासाठीही एक जुना शब्द शोधला, 'एअर-येस्टरडे'. घरात सगळे तेच बोलू लागलो. कामाच्या मावशीही बिनचूक विचारायच्या, ओव्हरमॉरोला सुट्टी घेऊ का? त्या शब्दांचा आधार धरून मराठी मागोमाग येत गेली. आधी क्रियापदं, मग काल आणि उद्या आपापल्या जागी.

आता दर गुरुवारी ती थेरपीच्या गटात जाते, शिकायला कमी आणि शिकवायला जास्त. तिथे निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार येतात. त्यांचं बोलणं अडलेलं. त्यांनी तोंड उघडलं की त्यांची बायको प्रेमानेच वाक्य पुरं करून टाकते. परवाच्या गुरुवारी ताई त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"वहिनी, मोमेंट म्हणजे किती, सांगू?" ती सावकाश म्हणाली. "पूर्वी तासाचा चाळिसावा भाग. दीड मिनिट. तेवढं... थांबा फक्त."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. दीड मिनिट किती लांब असतं ते मला तिथे कळलं. बागायतदार खिडकीकडे बघत राहिले, घशातून आवाज आला, विरला, पुन्हा आला.

"चहा," ते म्हणाले. "नको. दूध."

वहिनींचे डोळे भरून आले. "मी रोज चहाच देती हो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, त्यांना तोच लागतो."

ताईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो उजवाच हात, आणि पुढच्या माणसाकडे खुर्ची वळवली. मी कोपऱ्यात बसून बघत होते. शाळेतला तिचा तास मी कधी पाहिला नव्हता.