आत्याचं सोवळं आणि शाळेची खिडकी

गिरगावातल्या माझ्या शाळेत हवा सोडून सगळं होतं. फळा होता, छडी होती, भिंतीवर राणीसाहेबांची तसबीर होती आणि आमच्याच घराच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत दाटीवाटीनं बसलेली पोरं होती. पुढच्या दारातून घोड्यांच्या ट्रामची धूळ तेवढी आत यायची. मागं एक खिडकी होती, पण ती वडिलांनीच कधीकाळी फळी ठोकून बंद केलेली. कारण खिडकीपलीकडं आमचं परसू होतं आणि परसात आत्याचं सोवळं वाळायचं.

आत्या म्हणजे वडिलांची बहीण. कोवळ्या वयात विधवा होऊन माहेरी आली, ती स्वयंपाकघराची मालकीण होऊन राहिली. पहाटे ती आपलं तांबडं आलवण धुऊन काठीनं उंच वळणीवर टाकायची आणि वाळलं की तेच नेसून चूल पेटवायची. मध्ये त्याला कुणाचा नुसता हात लागला तरी पुन्हा धुणं, पुन्हा वाळवणं. तोवर घर उपाशी. (माझ्या लहानपणी एकदा एका कावळ्यामुळं आम्ही संध्याकाळी जेवलो होतो.)

माझी मुलगी धोंडी याच शाळेत बसायची. आधीची दोन मुलं गेली, त्यांच्या पाठीवरची ही, म्हणून नाव धोंडी. त्या वर्षी वर्गातली पोरं खोकायला लागली, आणि पाठोपाठ ही. ती खोकू लागली की बायको हातातलं काम टाकून दाराशी यायची. मी तर पाढे घेताघेता थांबायचो आणि कितीपर्यंत आलो होतो तेच विसरायचो.

शेजारच्या डिसोजा डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली, मग खोलीभर नजर फिरवली.

"मास्तर, पोरीला औषध नको, वारा पायजे. ती खिडकी कशाला ठोकून ठेवली?"

"पलीकडे आत्याचं सोवळं असतं."

"हितं माझी कोंबडी पण जगायची नाय," डॉक्टर म्हणाले आणि पिशवी उचलून गेले.

मी घरात जाऊन जाहीर केलं की उद्यापासून शाळेत हवा येणार. बायको तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "इकडून ठरलंच आहे, तर आत्याबाईंना सांगायचं कुणी?"

कुणीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आत्या देवळात गेल्यावर मी फळी काढली. पुढचं दार उघडं, मागची खिडकी उघडी! चौपाटीकडचं वारं जे आत शिरलं, त्यानं पोरांचे चेहरे एकदम उजळले. मी आरोग्यावर चार शब्द बोलायला उभा राहिलो. तेवढ्यात वाऱ्याचा दुसरा झोत आला आणि त्याच्याबरोबर आत्याचं आलवण आलं.

ते आधी राणीसाहेबांना लागलं, मग पसरून वर्गावर पडलं. त्याखाली ब्राह्मण होते, सोनार होते, शिंपी होते आणि कोळीवाड्यातला पांडू होता.

"मास्तर, कायच दिसं नाय," आतून पांडू म्हणाला.

आत्या परतली, तेव्हा मी आणि पोरं मिळून आलवणाची घडी घालत होतो. एका हातानं बाटलं असतं, ते आम्ही अख्ख्या शाळेच्या हातांनी बाटवलं. आत्यानं कोपऱ्यातली काठी घेतली. आलवण काठीवर घेतलं आणि विहिरीकडं गेली. रागे भरली असती तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी चूल तिसऱ्या प्रहरी पेटली. आत्या जेवल्याशिवाय बायकोनं जेवायचं नाही, बायको उपाशी असताना मी जेवणं बरं दिसत नाही, असे आम्ही सगळे धर्माप्रमाणे उपाशी. दुसऱ्या दिवशी आत्यानंच आलवणाला दगड बांधला, तर दगडासकट आलं. वळणी हलवावी म्हटलं, तर परसाच्या एका बाजूला शेतखान्याची घाण आणि दुसऱ्या बाजूला डॉक्टरांच्या कोंबड्या. बायको मला म्हणाली, "आत्याबाईंचं वय झालंय. असे उपास काढायचे का त्यांनी?"

अखेर मी फळी पुन्हा ठोकली. चांगले लांब खिळे घेतले आणि मारले. घरात वेळेवर वरणभात मिळू लागला. शांतता मोठी गोष्ट आहे, असं मी स्वतःला समजावलं.

पुढच्याच आठवड्यात भर वर्गात धोंडीला उबळ आली, ती थांबेचना. ओठ काळेनिळे पडले. मी तिला मांडीवर घेऊन पाठ चोळत बसलो आणि "पाणी आणा, पाणी" एवढंच म्हणत राहिलो.  आणि घरातल्या दारातून आत्या आली. अंगावर सोवळं, हातात लोखंडी बत्ता. ती शाळेत कधी पाऊल टाकत नसे. आज ती पोरांना ओलांडत, ढकलत, पांडूच्या खांद्याचा आधार घेत थेट खिडकीशी गेली. चार घाव घातले. फळी फुटली, खिळे खोलीभर उडाले. मग माझ्या मांडीवरून धोंडीला ओढून घेऊन तिनं तिचं तोंड वाऱ्याकडं धरलं.

हळूहळू पोरीचा श्वास मार्गी लागला.

"आत्या, तुझं सोवळं," मी म्हणालो. (अशा वेळी माणसाला नको तेच सुचतं.)

"सोवळं धुता येतं रे, गणू. पोर कुठनं आणशील?" तिनं पदरानं धोंडीचं कपाळ पुसलं. मला रडू आलं, ते मी पोरांकडं पाठ करून आवरलं.

आरडाओरडा ऐकून डॉक्टर धावत आले. त्यांनी धोंडीला तपासलं, फुटलेल्या फळीकडं पाहिलं आणि माझा हात हातात घेतला. "मास्तर, तुमच्यासारखी हिंमत या गिरगावात कोण करतो? सगळ्या शाळांनी शिकायला पायजे."

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण "हिंमत" हा शब्द कानाला इतका गोड लागला की मी नुसती विनयानं मान खाली घातली.

"मान खाली घातलीच आहेस, तर ते खिळे वेच," आत्या म्हणाली. "पोरांच्या पायांत जातील."

आणि गिरगावचा तो हिंमतवान सुधारक डॉक्टरांच्या देखत, अख्ख्या शाळेच्या देखत, जमिनीवर रांगत स्वतःच ठोकलेले खिळे वेचू लागला.