छत्रीतली रेंज

बेलापूरच्या आठवडे बाजारात अजिनाथने मोबाईल कंपनीची छत्री उघडली, की पडदा वर गेल्यासारखं वाटे. खणखणीत आवाज, ऐटदार हातवारे. समोरचा दुसऱ्या कंपनीचा विक्रेता जादा डेटा देई, तर अजिनाथ सिमकार्डावर टोपी फुकट देई. "नंबर तोच, नेट पळतंय बघा," म्हणत तो आपल्या फोनवर न अडखळणारं गाणं दाखवी.

त्या फोनमध्ये कार्डं मात्र दोन होती: एक तो विकायचा त्या नव्या कंपनीचं, एक जुन्या कंपनीचं. नव्या कंपनीची रेंज बाजारापुरती. उसातल्या वस्त्यांवर तिचं नेट रखडे. म्हणून वस्तीवर कार्डं विकायला गेला, की अजिनाथ गुपचूप जुन्या कंपनीवर गाणं लावी.

ते पळणारं गाणं पाहूनच दगडाबाईंनी कार्ड बदललं होतं. त्यांची लेक रेश्मा मस्कतला नर्स. तिला नुकतंच बाळ झालेलं. नातवाचं तोंड फोनवरच बघायचं, आणि वस्तीवर ते थिजून जायचं. मग दगडाबाई दर बाजारी अजिनाथच्या छत्रीत येऊन बसत. येताना त्याला पेरू आणत.

त्या दिवशी त्या शेजारच्या सुमनबाईंना घेऊन आल्या.

"हिचं बी कार्ड बदल, बाबा."

"मावशी, तुमचं कुठं चालतंय वस्तीवर?"

"माझा फोनच म्हातारा, माझ्यावानी. हिचा नवा हाय."

सुमनबाई हसल्या. "समद्या वस्तीला सांगत फिरतीया, कार्ड बदला. म्हन्ती, अजिनाथ आपला हाय, फसवायचा न्हाई."

सुमनबाईंचं आधार कार्ड अजिनाथच्या हातात होतं. त्याचे कान तापले. बाजार गाजवणारा आवाज त्याने खाली आणला.

"तुमच्या फोनचा दोष न्हाई, मावशी. त्या दिशी वस्तीवर गानं मी जुन्या कंपनीवर लावलं हुतं. माझ्यात दोन कार्डं हायेत."

सुमनबाईंनी आधार कार्ड त्याच्या हातातून काढून घेतलं आणि पिशवीत घातलं.

"मंग मला परत जुन्यात घाल," दगडाबाई म्हणाल्या.

"एकदा बदललं की तीन महिने परत बदलता येत न्हाई."

दगडाबाई पुढे झाल्या. नेहमीच्या जागी बसल्या. म्हणाल्या, "ऊन लागतंय. छत्री हिकडं कर."

त्याने छत्री वळवली. तेवढ्यात दगडाबाईंचा फोन वाजला. रेश्मा होती.

"आई, कुठं बसलीस?"

"अजिनाथाच्या छत्रीत."

"लई भला माणूस गं. तुला दर बाजारी बसू देतो."

दगडाबाईंनी एकवार अजिनाथकडे पाहिलं. तो छत्रीचा दांडा धरून खाली बघत उभा होता.

"बाळाला जवळ आन," त्या रेश्माला म्हणाल्या.