गालिच्यामागची भिंत

बुरुल्चा एजेला गायला बोलावलं की मेलेल्याचं सगळं नीट पार पडतं, असं आमच्याकडे म्हणायचे. मयताच्या घरापुढे लोकरीचा गोल तंबू उभारतात, बायका आत भिंतीकडे तोंड करून बसतात आणि गेलेल्या माणसाचं आयुष्य गाऊन सांगतात. त्याला कोशोक म्हणतात. कुणाला दोन ओळी जमतात, कुणी नुसतीच हुंदके देते. बुरुल्चा एजे मात्र अख्खा माणूस उभा करायची. तो कुठल्या कुरणावर जन्मला, कुठला घोडा त्याचा लाडका होता, कुणाशी त्यानं अबोला धरला आणि शेवटी तो कसा सोडला. बाहेर काठ्यांवर रेलून उभे असलेले पुरुषसुद्धा ऐकता ऐकता गप्प व्हायचे.

ती मूळची कोच्कोरची, डोंगरातली. लग्न होऊन खाली चुयच्या खोऱ्यात, आमच्या साखर कारखान्याच्या गावात आली. नवरा मुकाश कारखान्यात फिटर होता, म्हणून त्यांना पाच मजली इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या होत्या. एजे बालवाडीत स्वयंपाक करायची. मी त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, कपडे शिवते. ती मोठी, म्हणून मी तिला एजे, म्हणजे ताई, म्हणते. तिची मुलगी बेगायिम लग्न होऊन लांब गेली, तेव्हापासून एजेचं बोलणंचालणं माझ्याशीच जास्त.

आमच्या तळघरात गरम पाण्याचा पाइप फुटलेला होता. कधी फुटला हे कुणालाच आठवत नव्हतं. खाली गुडघाभर कोमट पाणी साचलेलं. बाहेर बर्फ पडत असताना आमच्या जिन्यात डास घोंगावायचे, आणि पाहुणे हसले की आम्हीही हसायचो. तळमजल्यावर ओल भिंतीतून वर चढायची. एजेच्या आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, नानवर तीळ पेरावेत तसे काळे ठिपके उठायचे. ती ब्लीचनं पुसायची, वरून नवीन कागद चिकटवायची. पुढच्या हिवाळ्यात कागदावरही तीळ.

घरांच्या कचेरीतला माणूस एकदा येऊन गेला. भिंतीवर बोट फिरवून म्हणाला, "खिडक्या उघडत जा. तुम्ही लोक दिवसभर मांस उकडता, त्याची वाफ धरते."

"तळघरातपण आम्हीच मांस शिजत घातलंय का?" एजेनं विचारलं.

तो हसला, चहा प्यायला, तळलेले बोर्सोक खाल्ले आणि गेला. परत आला नाही.

मग मुकाशची आई पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तिचं गावाकडचं घर बंद करून तिला इकडे आणलं. आयिमकान आपा म्हणायचो आम्ही तिला. तिची खाट आतल्या खोलीत, त्याच कोपऱ्यात लावली, कारण रेडिएटर तिथे होता. भिंतीचा गारवा पाठीला लागू नये म्हणून मुकाशनं तिच्याच हातचा, तिनं लग्नात आणलेला मोठा गालिचा भिंतीवर ठोकला. खोली एकदम छान दिसायला लागली. ठिपके झाकले गेले, आणि आम्ही ते विसरलो.

आपा अंथरुणातून उठली नाही. एजे तिच्या खाटेशेजारी खाली गादी टाकून झोपायची. आपाची जीभ तिखट होती. "माझी सून जगाच्या म्हाताऱ्यांसाठी फुकट रडते," ती मला सांगायची, "माझ्यासाठी रडायच्या वेळी थकलेली असणार बघ."

"तुमच्यासाठी दम राखून ठेवलाय, आपा," एजे म्हणायची आणि तिची कूस बदलायची.

दुसऱ्या हिवाळ्यात आपाला खोकला लागला. वय झालंय, म्हणालो. एजेलाही लागला. सासूचा लागला असेल, म्हणालो. बर्फ वितळायला लागलं तेव्हा आपा गेली.

अंगणात, दोन इमारतींच्या मधे तंबू उभा केला. कोच्कोरहून, नारिनहून पाव्हणे आले. आज बुरुल्चा सासूसाठी गाणार म्हणून परक्या घरच्या बायकासुद्धा आल्या होत्या. मी तिच्या शेजारीच बसले होते. तिनं कंबरेवर हात ठेवले, पहिली ओळ काढली. दुसरी काढली. तिसऱ्या ओळीच्या मधेच आवाज तुटला. कुणाला वाटलं, हुंदका. पण तो हुंदका नव्हता, तिला हवाच मिळत नव्हती. ती खोकत राहिली. ओठ निळसर झाले. शेवटी आपाची लेक पुढे सरकली आणि तिनं कसंबसं गाणं पुढे नेलं.

माझ्या मागे एक बाई दुसरीला म्हणाली, "बाहेरच्यांसाठी गळा आहे. सासूसाठी नाही."

एजेनं ते ऐकलं. माझ्याकडे बघितलं आणि नजर परत भिंतीकडे वळवली. पाव्हणे गेल्यावर भांडी घासता घासता तिनं मला सांगितलं, "तुर्सुनाय, दम नव्हता हे खरं आहे. पण मला काही वाटलंसुद्धा नाही गं. मी आत शोधत होते. काहीच सापडलं नाही."

मी ताटं पुसत राहिले.

त्यानंतर तिचं दिवस काढणं सुरू झालं. दुसरा शब्द मला सुचत नाही. ती कामावर जायची, यायची, दारातल्या बाकावर बसून श्वास जुळवायची आणि मग आत जायची. बालवाडीच्या नर्सनं खोकला ऐकला आणि तिला घरी बसवलं. आमच्याकडे बाई खोकली की सगळ्यांच्या मनात एकच रोग येतो. शेजारणी चहाला बोलवेनाशा झाल्या. एकीनं तर एजेनं चहा प्यालेली वाटी माझ्यासमोर उकळत्या पाण्यात टाकली. एजेनं पाहिलं आणि म्हणाली, "चांगली उकळ. दोनदा उकळ." तिच्या बोलण्यात राग नव्हता, गंमतही नव्हती.

एक्स-रे झाला, थुंकी तपासली. क्षय नव्हता. तरी चहाच्या वाट्या काही परत आल्या नाहीत. कुणी सायरप दिलं, कुणी डोंगरातल्या मारमॉटची चरबी दुधातून प्यायला सांगितली. मुकाश ती कुठून कुठून मिळवून आणायचा. ती नाक न मुरडता प्यायची. उन्हाळ्यात भावाकडे, कोच्कोरला, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा उपचार करायला गेली आणि बरी होऊन आली. जिना चढून माझ्याकडे आली, बसली, बोलली. सगळ्यांनी दुधाचे गुण गायले. थोड्याच दिवसांत ती पुन्हा दारातल्या बाकावर दिसायला लागली.

मीच तिला राजधानीत, बिश्केकला घेऊन गेले. मुकाशची कारखान्यात पाळी होती. फुप्फुसांच्या डॉक्टरीण चिनारा सापारोव्ना. पोक्त, चष्म्याची दोरी गळ्यात. त्यांनी तिला नळीत फुंकायला लावलं, यंत्रात झोपवून फोटो काढले. मग फोटो बाजूला ठेवून विचारलं, "घरात शिरलं की वास कसला येतो?"

एजेला प्रश्न कळला नाही. "घराचा," ती म्हणाली.

"दुसऱ्याच्या घरात येतो तसा?"

उत्तर मी दिलं. म्हटलं, सडक्या बटाट्यांचा येतो. मला ते आधीपासून माहीत होतं, पण कुणाच्या तोंडावर कसं सांगायचं. एजेनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फार लांबून बोलत होते.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. बुरशीची धूळ डोळ्यांना दिसत नाही, पण श्वासाबरोबर आत जाते. सगळ्यांना ती बाधतेच असं नाही. ज्यांना बाधते त्यांची फुप्फुसं तिच्याशी भांडत राहतात आणि भांडून भांडून कडक होतात. डोंगरात बरं वाटलं ते दुधानं नव्हे, तिथे ते घर नव्हतं म्हणून.

"आणि माझी सासू?" एजेनं विचारलं.

"त्यांना मी तपासलेलं नाही. त्या म्हाताऱ्या होत्या, अंथरुणाला खिळलेल्या होत्या. कशानं गेल्या ते मी सांगू शकत नाही."

"मी परत नीट होईन का?"

"जेवढं कडक झालंय तेवढं मऊ होणार नाही. उरलेलं वाचवता येईल. औषध देते, पण त्या घरात राहून औषध घेणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं."

परतीच्या गाडीत एजे खिडकीबाहेर बघत बसली होती. मी विचारलं, भीती वाटते का. ती म्हणाली, "वाटायला पाहिजे ना?"

दुसऱ्या दिवशी तिनं मुकाशला गालिचा काढायला सांगितला. मीही तिथे होते. आम्ही दोघींनी तोंडाला फडकी बांधली होती. त्यानं खिळे उपटले आणि गालिचा खाली आला. भिंत जमिनीपासून छातीपर्यंत काळी होती. ठिपके कुठेच उरले नव्हते, एकच काळा पट्टा होता, आणि मधे मधे करडी लव उगवली होती. गालिच्याच्या पाठीवरही तीच. जिथे खाटेची उशी असायची, तिथे सगळ्यात दाट.

मुकाश बोलका माणूस. बाजारात घासाघीस करताना त्याला ऐकायला लोक जमायचे. तो नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "हा मीच ठोकला."

"गारवा लागू नये म्हणून," एजे म्हणाली.

"हो."

"बेगायिमचे बाबा, कोच्कोरला जाऊया. सबिरचं मागचं घर रिकामं आहे."

सबिर म्हणजे तिचा भाऊ. मुकाशनं मान वर केली. "या वयात घरजावई होऊ? लोक काय म्हणतील?"

"घरजावई व्हायचं नसेल तर विधुर व्हा," एजे म्हणाली. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तशा आवाजात. तो माझ्याकडे बघायला लागला. मी खिळे गोळा करत होते.

ते गेले. गालिचा अंगणात जाळला. मुकाशला तो धुऊन ठेवायचा होता, पण एजे म्हणाली, आपा असती तर तिनंच काडी लावली असती. तो जळताना तिनं पूर्ण पाहिला, वारा फिरला तशी बाजूला सरकून.

घर विकायचं ठरलं. मुकाश एकदा येऊन राहिला, भिंत खरवडली, गिलावा केला, पांढरा रंग दिला. किल्ली माझ्याकडे होती. वसंतात एक गिऱ्हाईक जमलं, नवराबायको, दोघं तरुण, बायकोच्या कडेवर तान्हं मूल. बोलणी झाली होती, सह्यांसाठी एजे आणि मुकाश कोच्कोरहून आले. एजे दाराशीच थांबली, आत आली नाही. ती तरुण बाई आतल्या खोलीत गेली आणि म्हणाली, "इथे पाळणा ठेवू. रेडिएटर आहे."

"तिथे ठेवू नकोस, पोरी," एजे दारातून म्हणाली.

मुकाश हळूच म्हणाला, "बुरुल्चा." तिला तो नावानं कधी हाक मारायचा नाही.

"रंगाच्या खाली बुरशी आहे. तळघरात पाणी आहे, ते आटल्याशिवाय बुरशी जाणार नाही. माझी सासू त्या भिंतीला टेकून दोन हिवाळे झोपली. मी खाली. माझी अर्धी फुप्फुसं कामातून गेली. वर तिसऱ्या मजल्यावर एखादं घर मिळालं तर बघा, तिथे बरं आहे."

त्या तरुणानं मुकाशकडे बघितलं. "दादा, तुम्ही तर भिंत कोरडी आहे म्हणालात."

बाईनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. जाताना तिनं एजेचा हात धरला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली.

मला वाटलं, आता भांडण होणार. मुकाश बाहेर जाऊन सिगारेट ओढत बसला. मग उठला आणि तळघराच्या दाराशी गेला, कुलूप हलवून बघितलं. इतकी वर्षं तो म्हणायचा की ते काम कचेरीचं आहे. कारखान्यात जन्मभर पाइपच जोडले होते त्यानं. त्या आठवड्यात तो माझ्याच घरी राहिला, गमबूट घालून रोज खाली उतरला. कुठूनसा पंप आणला. पहिल्या दिवशी बायका खिडकीतून बघत होत्या, "आत्ता सुचलं का मुकाशला?" असं एक जण ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. नंतर वरच्या मजल्यांवरचे पुरुष एकेक करून उतरले. पाणी उपसलं, पाइपचा गंजलेला तुकडा कापून नवा जोडला. हे सगळं चाललं असताना एजे कोच्कोरला परत गेली होती. तिला सांगितलं तर फोनवर म्हणाली, "बरं झालं. त्यांना म्हणावं पाय कोरडे करा."

घर अजून बंदच आहे. मी खिडक्या उघडते आणि लावते. डास मात्र गेले.

गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे जाऊन आले. वर्षातून दोनदा ती बिश्केकला जाऊन नळीत फुंकते. चिनारा सापारोव्ना म्हणाल्या, आहे तिथेच आहे, घसरलेलं नाही, आणि याला चांगली बातमी म्हणायचं. सबिर मुकाशला "जावईबापू" म्हणून चिडवतो, मुकाश त्याची पाण्याची मोटर दुरुस्त करता करता शिव्या देतो. कोशोक गायला आता कुणी बोलवत नाही. एकदा बोलावलं होतं, तिनं दारातूनच नाही म्हटलं.

निघताना ती मला रस्त्यापर्यंत पोचवायला आली. चढ थोडासाच. अर्ध्यावर थांबली, हात गुडघ्यांवर टेकले. "तू हो पुढे," म्हणाली, "मी येते."

मी पुढे गेले नाही. तिथेच उभी राहिले. दरीत कुणीतरी गवत कापत होतं. थोड्या वेळानं ती सरळ झाली आणि चालायला लागली, मीही चालायला लागले. गाडी यायला अजून वेळ होता.